राजहंस, करकोचा आणि शिशाचा छरा

इतिहासाच्या अभ्यासकांनीं बंदुकीकडे पाहिलें तें बहुधा रणांगणावरून. तोड्याची बंदूक जाऊन चापाची केव्हां आली, कोणत्या सरदाराजवळ गारदी किती होते, कोणाच्या तोफा लांब पल्ल्याच्या होत्या, यांविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु जी बंदूक माणसावर न रोखतां पाखरावर रोखली गेली, तिच्या नळींत काय भरीत, किती भरीत आणि तें तसेंच कां भरीत, हा विषय शिकारी मंडळींच्या गप्पांवर सोपवून आम्ही मोकळे झालों आहों. वरवर पाहतां विषय क्षुल्लक आहे खरा. तथापि त्यांत गणित आहे, धातुविद्या आहे, कायदा आहे, माणसाच्या हौसेचा आणि अहंतेचा इतिहास आहे. आणि ह्या सर्वांच्या तळाशीं एका जखमी पाखराचा प्रश्न आहे. आम्हीं स्वतः बंदूक कधीं चालविली नाहीं हें आरंभींच सांगून टाकतों. शिकारी वाचकांस हसावयाचें असेल तर त्यांनीं येथेंच हसून घ्यावें.

विवेचनासाठीं आम्हीं पुणें जिल्ह्याच्या पूर्व भागांतला एक पट्टा डोळ्यांपुढें ठेवला आहे. पुण्याहून नगरकडे जातांना रांजणगांवचा महागणपति मागें टाकला कीं कारेगांव लागतें. (भीमेकांठच्या कोरेगांवाशीं ह्याची गल्लत होऊं नये, तें ह्याच रस्त्यावर, पण पुण्याच्या बाजूस बरेंच अलीकडे आहे.) कारेगांवाच्या पुढें कांहीं मैलांवर शिरूर, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडचें घोडनदी. उत्तरेस घोड, दक्षिणेस कांहीं कोसांवर भीमा, आणि मध्यें उघडा, बोडका माळ. आज ह्या माळावर कारखान्यांचीं छपरें दिसतात. रांजणगांवची औद्योगिक वसाहत कारेगांवास येऊन भिडली आहे. परंतु धरणें आणि कारखाने येण्यापूर्वीं हा मुलूख ज्वारी, हरभरा आणि करडई यांचा होता, आणि हिंवाळ्यांत त्या पिकांवर उत्तरेकडून पाहुणे येत. करकोचे, ज्यांस संस्कृत पंडित क्रौंच म्हणतील, थव्यांनीं शेतांत उतरत आणि रात्रीं नदीच्या उथळ पाण्यांत उभे राहून झोंप घेत. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला राजहंस, ज्यास आपले पक्षितज्ज्ञ पट्टकादंब म्हणतात, तो रात्रीं चरतो आणि दिवसा वाळूच्या बेटांवर विसांवतो. दोन्ही पाखरें वजनानें दोन ते तीन किलोग्रॅम भरतात. साधें बदक त्याच्या निम्म्यानेंही भरत नाहीं. ह्या वजनांतच आमच्या विषयाची सारी अडचण सांठविलेली आहे.

शिरुरास इंग्रजांची छावणी एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं पडली. १८०९ त तेथें वारलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्यास गांवकरी पुढें सत्पुरुषाचें स्थान मानूं लागले, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असेल. १८१७ च्या ३१ डिसेंबरच्या रात्रीं कॅप्टन स्टॉंटनची तुकडी पुण्याच्या मदतीस निघाली ती येथूनच, आणि दुसऱ्या दिवशीं कोरेगांवची लढाई झाली. लढाया संपल्या, पेशवाई गेली, परंतु छावणी राहिली. पूना हॉर्स ह्या रिसाल्याचें ठाणें दीर्घकाळ शिरुरास होतें. लढाई नसलेल्या छावणींत तरुण अधिकाऱ्यास वेळ भरपूर असतो. हाताशीं घोडा असतो, बंदूक असते, आणि दोन बाजूंस दोन नद्या असतात. त्यानें काय केलें असेल हें सांगावयास दप्तर चाळण्याची गरज नाहीं.

त्यांतल्या सगळ्यांनींच केवळ हौस भागविली असें मात्र नव्हे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा खडकी व पुणें येथील लढायांत होता; १८२४ त मुंबई सरकारनें त्यास दख्खनची आंकडेवार माहिती जमविण्याच्या कामीं नेमिलें. लोकवस्ती, पिकें, पाऊस यांच्या नोंदी करतां करतां त्यानें दख्खनच्या पक्ष्यांचीही यादी केली आणि १८३२ त ती लंडनच्या प्राणिशास्त्रज्ञांच्या सभेपुढें मांडली. दोनशेंहून अधिक जाती तींत आहेत. मारलेल्या पक्ष्याचें पोट फाडून आंत कोणतें धान्य, कोणते किडे, किती खडे सांपडले, हें पाहण्याची त्यास संवय होती. ह्या खड्यांचा उल्लेख वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे. संग्राहकाची बंदूक आणि शिकाऱ्याची बंदूक यांत एक भेद असे. संग्राहकास कातडें अखंड हवें, म्हणून तो शक्य तितका बारीक छरा वापरी आणि शक्य तितका जवळ जाई. शिकाऱ्यास पाखरूं खालीं पडलें म्हणजे झालें.

बंदुकीपूर्वींही मोठीं पाखरें मारलीं जातच होतीं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) ह्याच्या मानसोल्लासांत, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील ग्रंथांत, ससाण्यांकरवीं करावयाच्या शिकारीस राजाच्या विनोदांत स्वतंत्र स्थान दिलेलें आहे. करकोच्यासारख्या पाखरावर बहिरी ससाणा सोडण्याची रीत मोगलाईंतही होती. आणि वाल्मीकीच्या समोर व्याधानें क्रौंच मारला तो बाणानें. बाणाचा धर्म असा कीं तो एकच असतो. लागला तर पाखरूं पडतें, हुकला तर उडून जातें, आणि मारणाऱ्यास दोन्ही गोष्टी तत्काळ दिसतात. छऱ्याच्या बंदुकीनें ह्यांत तिसरी स्थिति आणिली. पाखरूं लागलेलें असतें, पण उडून जातें, आणि मारणारा घरीं जाऊन सांगतो कीं नेम चुकला.

आतां छऱ्याचें गणित पाहूं. बाराबोअरची बंदूक म्हणजे जिच्या नळींत एका पौंड शिशाच्या बारा समान गोळ्यांपैकीं एक बरोबर बसते ती. म्हणूनच बोअरचा आंकडा जितका लहान तितकी नळी मोठी. दहाबोअर बारापेक्षां मोठी, आठबोअर त्याहून मोठी. छऱ्याचा क्रमांकही असाच उलटा चालतो. सहा क्रमांकाचा छरा बारीक, चाराचा मध्यम, एकाचा मोठा, त्यावर बी. बी., आणि त्याच्याही वर हरणाडुकरांसाठीं असलेले एस्. जी. व एल्. जी. इंग्रजी मोजणीप्रमाणें एका औंसांत सहा क्रमांकाचे २७० छरे बसतात, चार क्रमांकाचे १७०, एक क्रमांकाचे १००, बी. बी.चे ७०, आणि एस्. जी.चे अवघे ८. आपल्या सोनाराच्या मापांत बोलावयाचें तर सहा क्रमांकाचा छरा गुंजेहून कांहींसा हलका, चाराचा सव्वा ते दीड गुंज, बी. बी.चा सव्वातीन गुंजांच्या आसपास, आणि एस्. जी.चा जवळजवळ एकूणतीस गुंजांचा असतो.

बाराबोअरच्या जुन्या ठरीव भरण्यांत काळी दारू तीन ड्रॅम आणि छरे एक औंस व एक अष्टमांश, म्हणजे सुमारें पावणेतीन तोळे असत. ह्याहून फार अधिक भरावें तर खांदा सुजतो आणि नळीस धोका पोंचतो. शिशाचें एकंदर वजन असें बांधलेलें असल्यामुळें शिकाऱ्यास निवड ती एवढीच उरते कीं हें पावणेतीन तोळे शिसें त्यानें तीनशें तुकड्यांत वांटावें, ऐशींत वांटावें, कीं नऊंत. तुकडे पुष्कळ केले तर पाखराच्या अंगांत पुष्कळ ठिकाणीं लागतील, पण पिसांतून व हाडांतून आंत शिरण्याचें बळ त्यांत राहणार नाहीं. तुकडे थोडे केले तर एकेकांत बळ राहील, पण एकही न लागण्याचा संभव वाढेल.

बंदुकीची परीक्षा चाळीस यार्डांवर तीस इंच व्यासाच्या वर्तुळांत किती छरे पडतात ह्यावरून करितात. साध्या, सरळ नळींतून शेंकडा चाळीस पडतात. तोंडाशीं पूर्ण आवळलेल्या, म्हणजे फुल चोकच्या, नळींतून शेंकडा सत्तर. उत्तम चोकची बंदूक आहे असें धरूं. चाळीस यार्डांवर त्या वर्तुळांत सहा क्रमांकाचे सुमारें २१३ छरे पडतील, चाराचे १३४, एकाचे ७९, बी. बी.चे ५५ आणि एस्. जी.चे ६. वर्तुळाचें क्षेत्रफळ ७०७ चौरस इंच. राजहंसाचें शरीर पिसांनीं भलें मोठें दिसतें, परंतु जेथें लागलें असतां तो हटकून पडेल असा मर्माचा भाग आपण पांच इंच लांब व चार इंच रुंद, म्हणजे तळहाताएवढा, धरूं. त्या वीस चौरस इंचांवर सरासरीनें सहा क्रमांकाचे सहा छरे येतील, चाराचे जवळजवळ चार, एकाचे दोनाहून किंचित् अधिक, बी. बी.चा दीड. एस्. जी.च्या वांट्यास एकपंचमांशही येत नाहीं. म्हणजे एस्. जी. भरून राजहंसावर पांच वेळां अचूक नेमानें बार काढला तरी मर्मीं लागेल तो एकदां, फार तर. उरलेल्या चार वेळां तो पंखास, पायास, आंतड्यास लागेल, किंवा अजिबात लागणार नाहीं. इतकें असूनही "मोठ्या पाखरास मोठा छरा" ही समजूत घोडनदीपासून टेम्सपर्यंत सर्वत्र आढळे. सहा क्रमांकाचे सहा लागले तरी मोठ्या राजहंसाच्या छातीचीं जाड पिसें व हाडें भेदण्यास चाळीस यार्डांवर त्यांत पुरेसा दम नसतो, हें खरें. म्हणून चार ते एक ह्या दरम्यान कोठें तरी शहाणपण आहे, आणि जुन्या जाणत्या शिकाऱ्यांचा अनुभव तेथेंच येऊन थांबतो.

पण हें सारें चाळीस यार्डांवर. साठ यार्डांवर काय? चोकच्या बंदुकीचेंही त्या वर्तुळांतलें प्रमाण तेथें निम्म्यावर येतें. बी. बी.चा दीड छरा होता तो पाऊण उरतो. चार क्रमांकाचे दोन उरतात, आणि त्यांतला जोर गेलेला असतो. म्हणजे साठ यार्डांवर योग्य छरा कोणता ह्या प्रश्नास गणित उत्तर देतच नाहीं. तें फक्त इतकें म्हणतें कीं बंदूक खालीं घ्या.

हें उत्तर कोणास ऐकावयाचें नव्हतें, आणि छऱ्याच्या बंदुकीचा शंभर वर्षांचा इतिहास पुष्कळसा ह्या न ऐकण्याचाच आहे. १७८२ त ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सनें वितळलेलें शिसें चाळणींतून उंचावरून पाण्यांत सोडून गोल छरा पाडण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. शिशांत थोडा सोमल मिसळला म्हणजे थेंब अधिक गोल पडतो. त्यापूर्वींचे छरे वांकडेतिकडे असत आणि नळींतून निघतांच मनास येईल तिकडे जात. गोल छऱ्यानें तोच बार अधिक दाट पडूं लागला. शिकाऱ्यानें त्याचा लाभ पाखरूं स्वच्छ मारण्याकडे लावावा तो पल्ला वाढविण्याकडे लावला. स्पेनमधल्या युद्धांत जखमी होऊन परतलेला कर्नल पीटर हॉकर ह्यानें १८१४ त तरुण शिकाऱ्यांसाठीं जें पुस्तक लिहिलें, तें पुढें पाणपक्ष्यांच्या शिकारीचें जणुं धर्मशास्त्रच झालें. होडीवर बसविण्याच्या अजस्र बंदुकांचा तो मोठा भोक्ता. लंडनच्या ईली बंधूंनीं १८३० च्या मागेंपुढें तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यांत छरे भरून तो पिंजरा नळींत ठासण्याचें काडतूस काढलें. छरे लौकर फांकूं नयेत आणि दूरवर घोळक्यानेंच जावेत हा हेतु. कधीं कधीं पिंजरा फुटतच नसे, आणि सगळा घोळका एका गोळीसारखा पाखराच्या बाजूनें निघून जाई. मग चोक आला. न्यूकॅसलच्या पेपचें पेटंट १८६६ चें आहे. १८७५ त लंडनच्या 'फील्ड' ह्या नियतकालिकानें घेतलेल्या चांचणींत ग्रीनरच्या चोक बंदुकांनीं बाजी मारली आणि सगळ्या जगास चोकचें वेड लागलें. प्रत्येक सुधारणा शिकाऱ्याच्या हातीं पडली, आणि प्रत्येक वेळीं त्यानें तिचें रूपांतर यार्डांत करून घेतलें.

हिंदुस्थानांत ह्या काळचा प्रमाणग्रंथ म्हणजे ह्यूम व मार्शल यांचें हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन येथील शिकारीच्या पक्ष्यांवरचें पुस्तक. त्याचे तीन खंड १८७९ ते १८८१ ह्या काळांत निघाले. हे ह्यूम तेच, ज्यांस आपण राष्ट्रसभेचे जनक म्हणून ओळखतों. १८८५ चें पहिलें अधिवेशन भरावयाचें होतें पुण्यास; शहरांत पटकी उद्भवल्यामुळें तें मुंबईस भरलें. त्याच वर्षीं ह्यूमसाहेबांनीं आपला पक्ष्यांच्या कातड्यांचा प्रचंड संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमला देऊन टाकला. साठ हजारांहून अधिक कातडीं त्यांत होतीं. राजकारणाच्या इतिहासांत ह्या कातड्यांस कोणी जागा देत नाहीं, हें आम्हांस नेहमींच थोडें नवलाचें वाटत आलें आहे.

आतां गांवच्या बंदुकीकडे वळूं. १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्यानें हिंदी माणसास परवान्यावांचून बंदूक बाळगणें अशक्य झालें. परवाना मिळे तो सरदारांस, इनामदारांस, आणि पिकांच्या राखणीसाठीं क्वचित् एखाद्या पाटलास. त्याच्या हातीं असे ती ठासणीची बंदूक. ती भरण्याचा जुना नियम असा कीं ज्या मापानें दारू मोजावी त्याच मापानें छरे मोजावे. एक बार काढला कीं गज काढा, दारू घाला, ठासा, छरे घाला, पुन्हां ठासा, टोपी बसवा. तोंवर थवा दुसऱ्या तालुक्यांत. शिसें विकतचें आणि दारू मोजकी. अशा माणसास साठ यार्डांवर बार काढणें परवडणारें नसतें. तो बैलाच्या आडोशानें, पावलापावलानें, थव्याच्या जवळ जाई. चरत्या बैलास करकोचा भीत नाहीं. बसलेल्या पाखरावर बार काढणें इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीनें असभ्यपणाचें होतें. उडत्या पाखरावरच काढावा हा त्यांचा सभ्यतेचा नियम. ह्या दोहोंत पाखराच्या दृष्टीनें सभ्य कोण, हें वाचकांनींच ठरवावें.

आणि फांसेपारध्यांस तर शिसें लागतच नसे. फांसे मांडावे, बैलाच्या आडून पाखरांस हळूहळू तिकडे वळवावें, आणि सांपडलेलें पाखरूं जिवंत बाजारांत न्यावें. जें नको असेल तें सोडतांही येतें. सरकारनें ह्या लोकांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला. तो कायद्यानें निघाला १९५२ त, मनांतून अद्याप निघालेला नाहीं. आमच्या विषयापुरतें एवढेंच सांगतों कीं मोठ्या पाखरास किती जवळून धरावें ह्याचें ज्ञान ज्यांच्यापाशीं होतें, त्यांचें मत ह्या प्रश्नावर कोणत्याही शिकारी पुस्तकानें विचारलें नाहीं.

मागून भरण्याचीं काडतुसें आलीं आणि बार काढणें स्वस्त व सोपें झालें. कागदी काडतूस पावसाळी हवेंत फुगे व नळींत अडके, पण हिंवाळ्याच्या शिकारींत ती तक्रार फारशी नसे. सोपेपणाचा परिणाम काय होतो हें पाहावयाचें असेल तर १९३८ च्या १२ नोव्हेंबरास भरतपूरच्या तळ्यावर व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठीं झालेल्या शिकारीचा आंकडा पाहावा. त्या एका दिवसांत ४२७३ पाखरें पडलीं. हा आंकडा दगडावर कोरून ठेवलेला आहे. जीं लागलीं पण पडलीं नाहींत त्यांचा दगड नाहीं.

उघड्या माळावर अंतराचा अदमास चुकतो तो कां, हें येथें सांगितलें पाहिजे. झाडोऱ्याच्या प्रदेशांत डोळ्यास माप घ्यावयास कांहीं तरी असतें. कारेगांव-शिरुराच्या माळावर किंवा भीमेच्या रुंद पात्रावर पाखराच्या पाठीमागें फक्त आकाश असतें. मोठें पाखरूं आहे त्याहून जवळ दिसतें, आणि त्याचे पंख संथ हालत असल्यामुळें तें सावकाश चाललें आहे असा भास होतो. वस्तुतः राजहंस ताशीं चाळीस मैल सहज तोडतो, म्हणजे सेकंदास जवळजवळ साठ फूट. चाळीस यार्ड जावयास छऱ्यास सेकंदाचा सुमारें सातवा हिस्सा लागतो. तेवढ्यांत पाखरूं आठ फूट पुढें गेलेलें असतें. शिकारी नेम धरतो चोंचीवर, आणि छरे पोंचतात शेंपटीवर किंवा त्याच्याही मागें. शेंपटीकडून आंत शिरलेला छरा मर्मापर्यंत पोंचत नाहीं. तो आंतड्यांत राहतो, आणि पाखरूं दोन दिवसांनीं कोठें तरी लव्हाळ्यांत मरतें.

विसाव्या शतकाच्या शेवटीं डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनीं जिवंत राजहंस पकडून क्ष-किरणांखालीं धरिले. गुलाबी पायांच्या जातीच्या प्रौढ पाखरांपैकीं सुमारें एकतृतीयांशाच्या अंगांत शिशाचे छरे आढळले. हीं वांचलेलीं, मेलेलीं निराळीं. १९९७ पासून तेथील सरकारनें व शिकाऱ्यांच्या संघानें मिळून एक मोहीम काढली. छरा बदला, चोक बदला, बोअर वाढवा, असें कांहीं त्यांनीं प्रथम सांगितलें नाहीं. राजहंसावर पंचवीस मीटरच्या पलीकडून बार काढूं नका, हें त्यांचें मुख्य सांगणें. पुढील वर्षांत छरे अंगांत वागविणाऱ्या पाखरांचें प्रमाण स्पष्टपणें उतरलें. बैलाआडून जाणाऱ्या आमच्या गांवकऱ्यास हें ऐकून विशेष आश्चर्य वाटलें नसतें.

परंतु जो छरा पाखरास लागलाच नाहीं, त्याचें काय झालें? पावणेतीन तोळ्यांतला बहुतेक भाग पाण्यांत पडे, आणि हा प्रश्न शंभर वर्षें कोणाच्या मनांत आला नाहीं. वर साइक्सच्या संदर्भांत खड्यांचा उल्लेख आला आहे. पाखरांस दांत नसतात. धान्य दळण्यासाठीं तीं बारीक खडे गिळतात आणि पोटांतल्या स्नायूंच्या जात्यांत ते ठेवतात. शिशाचा छरा दिसावयास तसाच खडा. तो जात्यांत सांपडला कीं झिजतो, शिसें रक्तांत उतरतें, पंखांची शक्ति जाते, आणि पाखरूं धान्यानें भरलेल्या तळ्याच्या कांठीं उपाशी मरतें. अमेरिकेंत ग्रिनेलनें १८९४ त हा प्रकार छापून प्रसिद्ध केला. १९१९ त वेटमोरनें प्रयोगानें तो सिद्ध केला, आणि थोडेसे छरेही बदकास मारावयास पुरतात असें दाखविलें. अमेरिकेनें पाणपक्ष्यांच्या शिकारींत शिशास देशभर बंदी केली ती १९९१ त. ज्ञान व कायदा यांमध्यें सत्तराहून अधिक वर्षें गेलीं. डेन्मार्कनें १९९६ त, इंग्लंडनें १९९९ त, आणि युरोपीय संघानें पाणथळ जागांपुरती २०२३ त बंदी केली.

ह्या बंदीनें जुनें गणित पुन्हां पाटीवर आलें. शिशाच्या जागीं पोलाद आलें. पण शिसें पाण्याच्या सवाअकरा पट जड, तर पोलाद पावणेआठ पटींच्या जवळपास. त्याच आकाराचा पोलादी छरा हलका, म्हणून हवेंत लौकर मंदावतो. तेव्हां शिशाचा चार क्रमांक वापरणाऱ्यानें पोलादाचा दोन क्रमांक घ्यावा, असा दोन पायऱ्या वर चढण्याचा नियम ठरला. छरा मोठा झाला म्हणजे त्याच काडतुसांत संख्या कमी मावते, म्हणून काडतूस लांब करावें लागलें. बिस्मथ व टंगस्टन यांचे महागडे छरेही आले. तिकडच्या शिकाऱ्यांत आज जो वाद चालतो तो हॉकरच्या काळींही चाललाच होता. फक्त धातु बदलली आहे, आणि पोलाद साठ यार्डांवर जात नाहीं ही तक्रार तितक्याच तळमळीनें केली जाते.

आपल्याकडे हा वाद उद्भवलाच नाहीं, कारण मुळांत शिकारच थांबली. १९१२ च्या कायद्यानें वन्य पक्ष्यांच्या शिकारीस बंद हंगाम ठरवून देण्याची सोय केली. १९५१ त मुंबई राज्याचा स्वतंत्र कायदा आला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें परवान्याची चौकट घट्ट केली, आणि १९९१ च्या दुरुस्तीनें हौसेच्या शिकारीचे परवानेच संपविले. त्यामुळें शिशाचा छरा पाण्यांत टाकावा कीं नाहीं हा प्रश्न आमच्या विधिमंडळांपुढें कधीं आला नाहीं. पाखरूंच मारावयाचें नाहीं तर छऱ्याचा विचार कोण करतो? शेतांच्या राखणीसाठीं परवान्याच्या बंदुका गांवांतून अजूनही आहेत, आणि त्यांच्या काडतुसांत शिसेंच असतें.

भीमा मात्र पूर्वीची राहिली नाहीं. १९८० त उजनीचें धरण पुरें झालें, आणि कारेगांवाच्या दक्षिणेस, दौंडाच्या खालच्या बाजूस, भिगवणपर्यंत पाणी मागें तुंबलें. जेथें वाळूचीं बेटें होतीं तेथें आतां उथळ, गाळाचें, मैलोगणती पसरलेलें पाणी आहे. तिबेट व मध्य आशियाकडून हिमालय ओलांडून येणारे राजहंस हिंवाळ्यांत तेथें उतरतात; ते पाहण्यासाठीं पुण्यामुंबईचीं कुटुंबें सुटीच्या दिवशीं पहांटे निघून येतात, आणि भिगवणचे भोई त्यांस होडींतून नेतात. हरभऱ्याच्या रानांतून चरून आलेलीं पाखरें उन्हें वर येईपर्यंत कांठावर अंग फुलवून बसलेलीं असतात. मग त्यांतलें एखादें उठतें, चार पावलें पाण्यांत येतें, आणि गाळांत चोंच खुपसून खडे वेंचूं लागतें.